मर्तबान

आमच्या स्वयंपाकघरात फडताळाच्या सगळ्यात वरच्या खणात चिनी मातीची एक बरणी आहे. गळ्यापाशी तपकिरी, खाली पिवळसर पांढरी. झाकणाचा एका बाजूनं टवका उडालेला. ती कोणी, कधी, कुठल्या बाजारातून आणली हे सांगणारं आता घरात कोणी उरलेलं नाही. सासूबाई १९४४ साली सागरहून लग्न होऊन झाशीला आल्या तेव्हा ती या घरात होतीच, आणि १९८४ साली मी पुण्याहून आले तेव्हाही होती. त्या तिला मर्तबान म्हणायच्या. मी बरणी म्हणायची. या दोन शब्दांवरून आमच्या घरात जे झालं ते कधीतरी लिहावं असं बरीच वर्षं मनात आहे.

झाशी म्हटलं की महाराष्ट्रातल्या माणसाला राणी आठवते आणि राणीपाशीच तो थांबतो. राणीच्या आधीही इथे मराठी माणसं होती आणि नंतरही राहिली. १७२९ साली बाजीराव छत्रसालाच्या मदतीला बुंदेलखंडात आला, त्यानंतर मराठ्यांचा इथे पाय रोवला गेला. १७४२ मध्ये नारो शंकर सुभेदार म्हणून आला, त्यानं किल्ला वाढवला, पेठ वसवली. पुढे नेवाळकर आले. त्यांच्याबरोबर कारकून, भिक्षुक, शिलेदार, आचारी, पुराणिक आले. १८५८ साली इंग्रजांनी शहर घेतलं तेव्हा वरसईचे विष्णुभट गोडसे इथेच अडकले होते. त्यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये त्या दिवसांतल्या कत्तलीचं आणि लुटीचं वर्णन आहे. सोन्यानाण्यानंतर तांब्यापितळेच्या भांड्यांचीही पाळी आली. एवढं होऊनही काही घरं टिकली. पुढे रेल्वे आली, तिच्या कारखान्यात आणि कचेरीत नोकऱ्या मिळाल्या, आणि आणखी काही घरं वाढली. आमचं घर त्या जुन्यांपैकी.

या घरांतलं मराठी म्हणजे काय असतं ते मला लग्नाआधी माहीत नव्हतं. स्थळ आलं तेव्हा आमच्याकडे सगळे म्हणाले, मुलगा झाशीचा असला तरी घर मराठी आहे, भाषेची अडचण नाही. झेलम एक्स्प्रेसनं झाशीला उतरले तेव्हा घ्यायला आलेल्या दिरानं विचारलं, ‘‘वहिनी, सफर ठीक झाला ना?’’ मला गंमत वाटली. घरी सासूबाई म्हणाल्या, ‘‘हातपाय धू, न्याहारी कर, मग जरा पड.’’ न्याहारी हा शब्द मी त्याआधी फक्त पुस्तकात वाचला होता. आमच्या पुण्याच्या घरी ब्रेकफास्ट होता, किचन होतं, कपाट होतं. इथे न्याहारी, स्वयंपाकघर आणि फडताळ होतं. त्याच वाक्यात ‘ढक्कन’ही होतं, ‘छत्तावर’ही होतं, ‘मला ठंड वाजते’ही होतं. एकाच तोंडातून माझ्या पणजीचे शब्द आणि शेजारच्या चाचींचे शब्द येत होते. पणजीचे शब्द मी ऐकून सोडून दिले. चाचींचे तेवढे माझ्या कानाला टोचले.

लग्न मे महिन्यातलं. झाशीचा तो उन्हाळा मी कधी विसरणार नाही. दुपारी दगडी भिंतींना हात लावला तरी चटका बसायचा. जूनमध्ये कैऱ्या आल्या, सासूबाईंनी विळी काढली आणि मला शेजारी बसवलं. लोणचं आमच्याकडच्यासारखंच, मोहरीची डाळ, मेथी, हिंग, हळद. फक्त तेल सरसोंचं. बरणी आधी धुऊन दोन दिवस उन्हात वाळवलेली. भरून झाल्यावर मी सवयीनं म्हटलं, ‘‘आई, दादरा कुठे आहे?’’

शेजारच्या चाची कैऱ्या चिरायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘दादरा? अरे वाह, बहू गाती भी है!’’

उत्तरेत दादरा म्हणजे ठुमरीच्या जवळचा गाण्याचा प्रकार. बरणीच्या तोंडाला बांधायच्या फडक्याला कोणी दादरा म्हणत असेल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. मी गोंधळून लाल झाले. सासूबाई हसल्या नाहीत. चाचींना म्हणाल्या, ‘‘हमारे यहाँ मुँह बाँधने के कपड़े को कहते हैं. हमारी नानी भी कहती थीं.’’ मग आत जाऊन जुन्या धोतराचं स्वच्छ फडकं घेऊन आल्या आणि माझ्या हातात देत म्हणाल्या, ‘‘घे. किती वर्षांनी ऐकला हा शब्द.’’

त्या वेळी मला ते साधंच वाटलं. तो प्रसंग किती मोठा होता ते पाच महिन्यांनी कळायला हवं होतं. कळलं नाही.

दिवाळीनंतर माझी मावशी आणि मावसबहीण खजुराहो बघायला म्हणून आल्या. त्या काळी खजुराहोला जायचं तर बहुतेक लोक झाशीला उतरून पुढे बसनं जात. दोन दिवस आमच्याकडे मुक्काम होता. पहिल्याच दिवशी पानं वाढताना सासूबाई मला म्हणाल्या, ‘‘तेवढा मर्तबान उतरव ग. जपून, त्याचं ढक्कन ढिलं आहे.’’

मावसबहिणीनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. आणि आम्ही दोघी हसलो. नुसतं हसून मी थांबले असते तर कदाचित निभावलं असतं. पण मी पुण्याची, त्यात बी.एड. झालेली. म्हटलं, ‘‘आई, मर्तबान काय? बरणी म्हणा. मर्तबान म्हणजे एखाद्या नबाबाचं नाव वाटतं.’’ मावशीही हसली. यजमानीणबाईंना बरं वाटावं म्हणून पुढे म्हणाली, ‘‘अहो, इकडे राहून एवढं मराठी टिकलंय हेच खूप.’’

सासूबाईंनी लोणचं वाढलं. सगळ्यांना, डावीकडे, नेहमीच्या जागी. काही बोलल्या नाहीत.

त्यानंतर कधीपासून ते मला नेमकं सांगता येणार नाही. भांडण झालं असतं तर तारीख लक्षात राहिली असती. पण हळूहळू सासूबाई माझ्याशी हिंदीत बोलायला लागल्या. ‘‘बेटा, ज़रा गैस धीमी कर दो.’’ ‘‘धोबी आया था क्या?’’ ह्यांच्याशी, सासऱ्यांशी, ग्वाल्हेरहून वन्सं आल्या की त्यांच्याशी मराठी चालूच होतं. मी खोलीत आले की वाक्य हिंदीत वळायचं. आवाजात राग नसायचा. कामाला, मायेला, आजारपणात उशापायथ्याशी बसायला कधी कमी नव्हत्या. मी मनाशी ठरवून टाकलं, की आयुष्य इथे गेलं, यांना हिंदीच सोपी जाते.

या काळातलीच एक गोष्ट. सासऱ्यांच्या हातून एक लहान बरणी फुटली, दुसरी आणायला मी बाजारात गेले. दुकानात खुर्ज्याची भांडी होती. खुर्जा हे बुलंदशहर जिल्ह्यातलं चिनी मातीच्या कामाचं गाव; उत्तरेतली लोणच्याची पुष्कळ भांडी तिथूनच येतात. दुकानदाराला काय म्हणावं याचा मी विचार करत होते, तेवढ्यात तोच म्हणाला, ‘‘बरनी दिखाएँ, बहनजी? छोटी या बड़ी?’’

मी लहान घेतली आणि घरी आले. आपण जो शब्द ‘शुद्ध मराठी’ म्हणून सासूबाईंच्या तोंडावर फेकला तो इथला हिंदी दुकानदारही बोलतो, याचा अर्थ काय होतो, याचा विचार मी त्या दिवशी केला नाही. ‘ण’ ऐवजी ‘न’ म्हणाला एवढंच लक्षात राहिलं.

१९८७ मध्ये मुलगी झाली. तिच्याशी मी मराठीत बोलायची. पण मी शाळेत शिकवायला जायची आणि मुलगी दिवसभर आजीपाशी असायची, आणि आजी तिच्याशीही हिंदीत बोलायची. आधी फक्त माझ्यासमोर, मग एरवीही. मुलगी तिला ‘दादी’ म्हणायला लागली. चार वर्षांची होईतो माझ्या मराठी प्रश्नाला हिंदीत उत्तर द्यायची सवय तिला लागली होती. मराठी तिला सगळं समजतं, आजही समजतं. बोलत नाही. मी शाळेला दोष दिला, टीव्हीला दिला, झाशीला दिला. एका वर्षी इथल्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात मला बोलायला सांगितलं होतं. ‘घरात तरी मराठी बोला’ असा माझा विषय होता. आजीआजोबांनी नातवंडांशी आग्रहानं मराठीत बोललं पाहिजे, त्यांनी आळस केला की भाषा जाते, असं मी जोर देऊन सांगितलं. सासूबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. सगळ्यांबरोबर त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

निवृत्तीच्या थोडं आधी मी अनुवाद करायला लागले. हिंदीतून मराठीत, कथा जास्त करून. २००५ सालची गोष्ट. एका कथेत एक म्हातारी बाई मर्तबानात हात घालून लोणच्याची फोड काढते असं वाक्य होतं. मी सरळ ‘बरणी’ लिहिलं आणि पुढे जायला निघाले. काय वाटलं कोण जाणे, थांबले. हा शब्द आला तरी कुठून ते बघावं म्हणून कोश काढले. त्यातून यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ सालच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’पर्यंत पोचले.

मर्तबान हे गावाचं नाव आहे. ब्रह्मदेशात सालवीन नदी समुद्राला मिळते तिथे मौलमीनच्या समोर हे जुनं बंदर आहे. आता त्याला मोत्तमा म्हणतात. ब्रह्मदेश म्हटला की आपल्याला टिळकांचं मंडाले आठवतं, नाहीतर रत्नागिरीतला थिबा राजाचा वाडा. पण त्याच्या कितीतरी शतकं आधी या बंदरातून मोठमोठी झिलई दिलेली मातीची भांडी जहाजांवर चढत होती. काही तिथलीच, काही सयामची, काही चीनची. ज्या बंदरातून यायची त्याचं नाव भांड्याला चिकटलं. मोसंबीला मोझांबिकचं नाव चिकटलं, हिंदीत खडीसाखरेला मिस्र देशावरून मिसरी म्हणतात, तसंच. चौदाव्या शतकात इब्न बतूता पूर्वेच्या समुद्रात फिरत होता तेव्हा एका राजकन्येनं त्याला भेटी दिल्या, त्यात असे मर्तबान होते. त्यांत काय भरलं होतं? आलं, मिरी, लिंबं आणि आंबे, समुद्रप्रवासासाठी मिठात घातलेले. म्हणजे लोणचंच. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला दुआर्ते बार्बोझा हा पोर्तुगीज लिहितो, की मर्तबानची काळ्या झिलईची मोठी भांडी मुसलमान व्यापाऱ्यांमध्ये फार मोलाची मानतात आणि दूरदूर नेतात. तुर्कांच्या दरबारात हिरव्या झिलईच्या चिनी भांड्यांना ‘मर्तबानी’ म्हणत आणि अशा ताटात विष वाढलं तर ताट ते दाखवून देतं असं समजत. बोर्निओतल्या दायाक लोकांत असल्या बरण्या पिढ्यानपिढ्या घरात जपतात, लग्नात देतात.

एवढं मोल का, हे ज्या बाईनं लोणचं घातलं आहे तिला समजावून सांगावं लागत नाही. पितळेत आंबट ठेवलं की कळकतं. कल्हई केली तरी मीठ तिला खातं. लोखंड गंजतं. साधं मडकं तेल पितं आणि पाणी झिरपवतं. झिलई दिलेलं मातीचं भांडं तेवढं स्वतःचं काही देत नाही आणि आतलं काही घेत नाही. महिनोन् महिने समुद्रावर राहणाऱ्या माणसाला पाणी, तेल, तूप, लोणचं ठेवायला असंच भांडं हवं होतं. भांडं जिथे उतरलं तिथे त्याचं नाव उतरलं. अरबीत, फारसीत, फारसीतून हिंदी-उर्दूत, आणि तिथून झाशीच्या एका मराठी घराच्या फडताळात.

मग मी माझ्या ‘बरणी’कडे वळले. आता तिच्या शुद्धतेची खात्री करून घेण्याची पाळी आली होती. कानडीत भरणी, मलयाळममध्ये भरणी, तमिळमध्ये परणी, सगळ्यांचा अर्थ लोणच्याचं भांडं. मागे संस्कृतातलं ‘भरण’ उभं आहे असं म्हणायला सोपं. म्हणजे दक्षिणेकडून घाट चढून आलेला शब्द. पण दुसऱ्या बाजूनं अरबीत ‘बरनिया’ आहे, त्याचा अर्थही झिलई दिलेलं मातीचं भांडं. हा शब्द अरबांबरोबर स्पेनला गेला आणि तिथे ‘अल्बोर्निया’ झाला. कोकणच्या किनाऱ्याला अरब व्यापारी शतकानुशतकं येत होते. शब्दाचं रूप पाहिलं तर दोन्ही दारं उघडी आहेत. कुठल्याही दारानं आला असला तरी तो पुण्यात जन्मलेला नाही. गोव्यात तर याच भांड्याला बुयांव म्हणतात. ते पोर्तुगीज ‘बोयांव’. आपल्या न्हाणीघरातली बादली पोर्तुगीज, पिंप पोर्तुगीज. पेला फारसी, सुरई अरबी. एकेक नाव घेत मी मनातल्या मनात माझ्या माहेरच्या स्वयंपाकघरातून फिरले. हंडा, घागर आणि आणखी दोनचार सोडली तर बाकीची मंडळी कुठून कुठून येऊन तिथे बसली होती. त्यांना कोणी कधी हसलं नव्हतं, कारण त्यांना येऊन इतकी वर्षं झाली होती की ती आली होती हेच आम्ही विसरलो होतो.

मला इतका आनंद झाला की मी कोश हातात घेऊनच बाहेर आले. सासूबाई अंगणात खाटेवर बसून वाटाणे सोलत होत्या. तेव्हा त्यांचं वय ऐंशीच्या आसपास. मी म्हटलं, ‘‘आई, तुमचा मर्तबान ब्रह्मदेशातून आलाय! बंदराचं नाव आहे ते. इब्न बतूतानं लिहिलंय.’’ मग मी त्यांना सगळं सांगितलं, बंदर, जहाजं, राजकन्या, आंबे. वर्गात सांगते तसं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ‘‘अच्छा? हमें तो अपनी सास से मिला था.’’

मला ते इतकं आवडलं की मी मोठ्यानं हसले. त्याही थोडं हसल्या. रात्री ह्यांना सांगितलं, दुसऱ्या दिवशी शाळेत सांगितलं. भाषाशास्त्रावर यापेक्षा चांगलं वाक्य मी ऐकलं नाही, असं सगळ्यांना सांगत फिरले. माझ्या लक्षात आलं नाही, की एकवीस वर्षांत दुसऱ्यांदा मी त्याच शब्दावर त्यांच्यासमोर हसले होते, आणि दुसऱ्यांदाही त्यांना शिकवलंच होतं. पहिल्या खेपेला तुमचा शब्द चूक आहे असं. दुसऱ्या खेपेला तो बरोबर आहे असं. त्यांना माझ्या दाखल्याची गरज होती का, हे विचारायचं राहूनच गेलं.

सासूबाई २००९ साली गेल्या. दिवस झाल्यावर वन्सं आणि मी स्वयंपाकघर आवरत होतो. वन्संनी ती बरणी खाली घेतली, पुसली, आणि म्हणाल्या, ‘‘आईचा मर्तबान.’’ मी म्हटलं, ‘‘तुम्हीही मर्तबानच म्हणता?’’

‘‘आम्ही सगळेच म्हणतो. तुझ्यासमोर जरा जपून.’’ त्या हसून म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. मग पुसता पुसताच पुढे म्हणाल्या, ‘‘मी एकदा आईला विचारलं होतं, वहिनीशी हिंदीत का बोलतेस म्हणून. म्हणाली, ती पुण्याची आहे, मास्तरीण आहे. माझं मराठी तिच्यापुढे उघडं पडतं. हिंदीत बरं. हिंदीत ती चुकते. मी काही हसत नाही.’’

मी हातातलं फडकं तसंच धरून उभी राहिले. मला खरंच हिंदी चुकते. पंचवीस वर्षांत लिंगाच्या चुका गेल्या नव्हत्या, अजून जात नाहीत. मी ‘दही खट्टी है’ म्हणते. सासूबाईंनी एकदाही दुरुस्त केलं नव्हतं. चाचींसमोर दादरा म्हटलं तेव्हा माझ्या शब्दाला त्यांनी स्वतःच्या आजीची साक्ष काढून दिली होती. माझ्याजवळ त्यांच्या शब्दासाठी कोणाची साक्ष नव्हती, म्हणून मी हसले. आणि साक्ष मिळाली तीही मला पुस्तकातच शोधावी लागली.

मी हिशेब मांडत बसले. एक शब्द, एक हसणं, तीही दोन मिनिटांची गोष्ट. त्यापोटी पंचवीस वर्षं आम्ही दोघी एका चुलीपाशी परक्या भाषेत बोललो. ज्या मुलीला मराठी येत नाही म्हणून मी झाशीला नावं ठेवत होते, तिच्या आजीचं मराठी मीच बंद केलं होतं. ती आजी जे मराठी बोलायची त्यात न्याहारी होती, फडताळ होतं, सागरच्या आणि झाशीच्या चार पिढ्यांच्या बायकांचे शब्द होते. ते मुलीला मिळाले असते तर ढक्कन आणि मर्तबानासकट मिळाले असते. मला ते निवडून, पाखडून हवे होते. पाखडता पाखडता सूपच रिकामं झालं.

शुद्ध भाषेचा आग्रह धरणाऱ्यांची मी थट्टा करत नाही. मी आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासल्या, ऱ्हस्वदीर्घावर लाल शाई फिरवली, त्याचा मला पश्चात्ताप नाही. वहीत तपासायचं असतं. पण पान वाढत असलेल्या बाईचं वाक्य ही वही नाही. महाराष्ट्राबाहेरच्या घरात भाषा टिकते ती तिथल्या म्हाताऱ्या बायका बोलत राहिल्या तर टिकते, आणि त्या बोलत राहतात ते कोणी हसत नसेल तर. उत्सवातल्या भाषणात मी हे सांगायला हवं होतं. मी आळस म्हणाले. तो आळस नव्हता.

मुलगी आता बंगळूरला असते. गेल्या जूनमध्ये तिचा फोन आला. तिकडे कैऱ्या चांगल्या मिळाल्या होत्या, तिला लोणचं घालायचं होतं. मोहरीची डाळ किती, मीठ किती, ते सगळं विचारून झाल्यावर म्हणाली, ‘‘मम्मी, दादी का वो मर्तबान अभी भी है?’’

‘‘आहे ना. मर्तबान आहे.’’

पलीकडे ती क्षणभर थांबली. ‘‘तुम तो बरणी बोलती थीं.’’

लहानपणापासून तिनं ते ऐकलं होतं आणि ध्यानात ठेवलं होतं. मग मी तिला सगळं सांगितलं, मराठीतच. मावशी, खजुराहो, हसणं, वन्संचं बोलणं. तिनं मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी विचारलं, ‘‘दादी को बताया था?’’

‘‘सांगितलं होतं की. ब्रह्मदेशाचं, इब्न बतूताचं.’’

‘‘वो नहीं. सॉरी बोला था?’’

‘‘नाही,’’ मी म्हटलं.

थोडा वेळ दोघीही गप्प होतो. मग ती म्हणाली, दिवाळीला येईन तेव्हा तो मर्तबान मी घेऊन जाणार. मी म्हटलं, ने. पण विमानानं नको, सामानात टाकतील आणि फुटेल. रेल्वेनं ने, मांडीवर धरून. आणि आतापासून एखादं जुनं मऊ सुती कापड बाजूला काढून ठेव, दादऱ्याला लागेल.